रोख रक्कम नाकारणे : व्यवहाराच्या इस्लामी शिकवणुकीच्या प्रकाशात

रात्रीचे नऊ वाजले आहेत असे समजा. एक वयोवृद्ध गृहस्थ औषधाच्या दुकानापुढे उभे आहेत. घरी पत्नी तापाने फणफणली आहे. हातात डॉक्टरांची चिठ्ठी आहे, खिशात पाचशेची नोट आहे. दुकानदार औषधे काढतो, बिल करतो आणि मग म्हणतो, "काका, आम्ही रोख घेत नाही. स्कॅन करा, नाहीतर कार्ड द्या." काकांजवळ बटणांचा साधा फोन आहे आणि कार्ड त्यांनी कधी वापरलेले नाही. नोट खरी आहे, कष्टाची आहे, हलाल आहे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी धारकाला रक्कम अदा करण्याचे दिलेले वचनही छापलेले आहे. तरीही त्या क्षणी ती नोट औषध मिळवून देऊ शकत नाही.

हा प्रसंग कल्पनेतला आहे. पण उपाहारगृहे, वाहनतळ, मोठी दालने, तिकिटाच्या खिडक्या अशा अनेक ठिकाणी 'फक्त ऑनलाइन' अशी पाटी आता दिसू लागली आहे. काही लोक हिला प्रगती म्हणतात, तर काही जण गरिबांवरील अन्याय. आपल्यापैकी कित्येक जण स्वतः दुकानदार आहेत आणि ग्राहक तर आपण सर्वच आहोत. म्हणून हा प्रश्न केवळ सोयीचा न मानता दीनच्या प्रकाशात पाहणे आवश्यक आहे. व्यापाऱ्याने कोणत्या स्वरूपात मोबदला घ्यावा हे ठरविण्याचा त्याला अधिकार आहे काय? असल्यास त्या अधिकाराची मर्यादा कोणती?

चलन हे साधन आहे

प्रथम एक गैरसमज दूर करू. रोख म्हणजे धार्मिक आणि मोबाइलवरून दिलेला पैसा म्हणजे संशयास्पद, असे इस्लामने कोठेही सांगितलेले नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदीनेच्या बाजारात चालणारे सोन्याचे दीनार रोमी साम्राज्याचे होते आणि चांदीचे दिरहम इराणचे. त्या नाण्यांवर परक्या सम्राटांच्या मुद्रा असत. तरीही त्याच नाण्यांनी खरेदी-विक्री होई आणि त्यांच्याच हिशेबाने जकात अदा होई. उमय्या खलीफा अब्दुल मलिक बिन मरवान यांनी हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इसवी सन ६९६-९७ च्या सुमारास, केवळ अक्षरांकित असे इस्लामी दीनार पाडले. तोपर्यंत मुस्लिम समाज बहुतांशी बाहेरच्या धर्तीच्या चलनावर व्यवहार करीत होता.

इतिहासकार बलाजुरी यांनी ह. उमर (रजि.) यांच्याविषयी एक बोधप्रद नोंद केली आहे. त्यांच्या मनात उंटाच्या कातड्याचे चलन करावे असा विचार आला होता. तसे केल्यास उंटच उरणार नाहीत, असे त्यांच्या निदर्शनास आणून देण्यात आले आणि त्यांनी तो विचार सोडून दिला. चलन कशाचे असावे हा प्रश्न त्यांनी लोकहिताच्या कसोटीवर सोडविला. इमाम गजाली (रह.) यांनीही 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये हेच तत्त्व मांडले आहे. दिरहम आणि दीनार यांचे स्वतःचे असे काही प्रयोजन नाही. ते वस्तूंमधील न्यायाधीशासारखे असून हातोहाती फिरत राहण्यासाठीच त्यांची निर्मिती आहे, असे ते सांगतात. यावरून आपल्याला कसोटी मिळते. ज्या चलनाने माणसाला त्याच्या गरजेची वस्तू न्यायाने मिळते, त्या चलनाने आपले काम केले. ते धातूचे, कागदाचे की आकड्यांचे, हा पुढचा प्रश्न आहे.

समकालीन फिकहनेही हीच दिशा घेतली आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९० च्या जिद्दा येथील अधिवेशनात खात्यावर रक्कम जमा होणे हा कब्जाचाच एक प्रकार मानला. त्यामुळे यूपीआयने किंवा डेबिट कार्डाने दिलेला मोबदला मोबदलाच ठरतो. त्याविषयी मनात शंका बाळगण्याचे कारण नाही.

लिहून ठेवण्याची आज्ञा आणि तिच्यासोबतची सवलत

किंबहुना नोंद राहणारा व्यवहार कुरआनच्या वृत्तीशी जुळणारा आहे. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत ही उपासनेविषयी नसून देण्या-घेण्याच्या नोंदीविषयी आहे. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना ठराविक मुदतीचे कर्ज लिहून ठेवण्याची आज्ञा दिली आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असेही बजावले आहे. मोबाइलवर येणारी पावती पाहून एखाद्याला ही आयत आठवली, तर त्यात नवल नाही.

परंतु ही आयत इथेच थांबत नाही, आणि आपल्या विषयाचे मर्म पुढच्या भागात आहे. ज्याच्यावर देणे आहे तो मनुष्य अल्पबुद्धी असेल, दुर्बल असेल किंवा स्वतः मजकूर सांगू शकत नसेल, तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने न्यायाने मजकूर सांगावा, असे आयतीत फर्माविले आहे. हातोहात चालणाऱ्या व्यापाराला लिहिण्याच्या सक्तीतून मोकळीक दिली आहे. लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला इजा पोहोचू नये, अशी ताकीद आहे. त्यानंतरच्या २८३ व्या आयतीत प्रवासाचा उल्लेख येतो. तुम्ही प्रवासात असाल आणि लेखनिक मिळाला नाही, तर वस्तू तारण ठेवून व्यवहार करा. आणि एकमेकांवर विश्वास असेल, तर ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याने ती अमानत पूर्ण करावी.

या क्रमाकडे लक्ष द्या. ज्या काळात लिहिता येणारी माणसे मोजकीच होती, त्या काळात अल्लाहने लिहिण्याची आज्ञा दिली आणि तिच्यासोबतच तीन दारे उघडी ठेवली. जो दुर्बल आहे त्याच्यासाठी दुसऱ्याचे साह्य, ज्याला साधन उपलब्ध नाही त्याच्यासाठी पर्यायी व्यवस्था, आणि जिथे काहीच नाही तिथे परस्पर विश्वास. लेखनिक नाही म्हणून प्रवाशाचा व्यवहारच होऊ देऊ नका, असे अल्लाहने म्हटले नाही. आज लेखनिकाची जागा मोबाइलने घेतली आहे. जो दुकानदार नोंदीचा लाभ घेतो पण ही दारे बंद करतो, त्याने आज्ञेचा अर्धाच भाग उचलला आहे.

सौद्यापूर्वी आणि सौद्यानंतर

आता व्यापाऱ्याच्या अधिकाराकडे वळू. सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई केली असून परस्पर संमतीच्या व्यापाराला त्यातून वगळले आहे. संमती दोन्ही बाजूंची असते. म्हणून विक्रेत्यालाही आपली शर्त सांगण्याचा अधिकार आहे. तिर्मिजीतील हदीसनुसार मुस्लिम आपल्या शर्तींशी बांधील असतात; मात्र हलालला हराम किंवा हरामला हलाल ठरविणारी शर्त त्यातून वगळलेली आहे. तेव्हा व्यवहारापूर्वी स्पष्ट सांगितलेली 'मोबदला खात्यावर द्यावा' ही शर्त मुळात निषिद्ध म्हणता येणार नाही.

मात्र काहीही न सांगता सौदा झाला असेल, तर स्थिती बदलते. हनफी फिकहच्या 'हिदाया' या प्रसिद्ध ग्रंथात नियम दिला आहे की, किंमत ठरविताना नाण्याचा प्रकार सांगितला नसेल, तर त्या शहरात सर्वाधिक चालणारे नाणे अभिप्रेत मानावे. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या 'मजल्ला' या संहितेतही असे कलम आहे की, रूढीने जे सर्वांना माहीत आहे ते शर्त घातल्यासारखेच समजावे. आपल्या देशात नोट ही सर्वांना माहीत असलेली रूढी आहे आणि कायदाही तिच्या बाजूने उभा आहे. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम २६ नुसार बँकनोट भारतात कोणत्याही ठिकाणी कायदेशीर चलन आहे. नाणे कायदा, २०११ नुसार एक रुपया व त्याहून मोठी नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी कायदेशीर चलन आहेत. दहा रुपयांचे नाणे खोटे असल्याच्या अफवेने अनेक दुकानदार ते नाकारू लागले, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने खुलासा केला की, त्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने वैध आहेत.

म्हणून ग्राहकाने जेवण केले, गाडीत पेट्रोल भरले, कापड फाडून घेतले आणि मग गल्ल्यावर त्याला 'रोख चालणार नाही' असे ऐकविले, तर तो त्याच्यावर जुलूम आहे. आता ती किंमत त्याच्यावरील देणे झाली आहे आणि तो ती चालू चलनात फेडू पाहत आहे. त्याला अडवून ठेवण्याचा विक्रेत्याला हक्क उरत नाही.

येथे एक हदीस आठवते. प्रेषित (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळ आले. त्यांनी राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे त्यांनी बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. धान्याची ओल हा दोष पावसाने आला होता. अपराध होता तो लपविण्याचा. गल्ल्याच्या मागे, बारीक अक्षरांत लावलेली शर्त ही राशीच्या तळाशी दडविलेल्या ओल्या धान्यासारखीच आहे. शर्त असेल तर ती दाराशी, मोठ्या अक्षरांत, ग्राहकाच्या भाषेत असावी.

दार कोणासाठी बंद होते?

शर्त जाहीर केली म्हणजे जबाबदारी संपली काय? उलमांनी माणसाच्या गरजांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : ज्यांच्यावाचून जगणे अशक्य त्या जरूरियात, ज्यांच्यावाचून जगणे कष्टप्रद त्या हाजियात, आणि जीवनाला शोभा आणणाऱ्या तहसीनियात. आईस्क्रीमच्या दुकानाने रोख नाकारली, तर ग्राहक दुसरीकडे जाईल. परंतु औषध, धान्य, दूध, दवाखाना, शाळेची फी, गावाकडे जाणारी शेवटची गाडी यांची गोष्ट निराळी आहे. तेथे 'परस्पर संमती' हा शब्द पोकळ होतो, कारण गरजवंताला नकार देण्याचे स्वातंत्र्यच नसते. इजा पोहोचवू नये आणि इजेला इजेने उत्तर देऊ नये, हे इब्ने माजातील हदीसचे तत्त्व अशा वेळी लागू होते.

आणि अडवला जाणारा मनुष्य कोण असतो ते पाहा. रोजंदारी संध्याकाळी रोख घेणारा मजूर. घाटातल्या वाडीवरचा माणूस, जिथे फोनला नेटवर्क मिळत नाही. अंध व्यक्ती, जिला नोट चाचपून ओळखता येते पण काचेच्या सपाट पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत. आईने दूध आणायला पाठविलेले दहा वर्षांचे मूल. आणि आपल्या घरातील स्त्री. सूरह अन्-निसाच्या ३२ व्या आयतीने स्त्रियांच्या कमाईत त्यांचा स्वतःचा वाटा मान्य केला आहे. मेहरही तिचीच मालमत्ता आहे. शिवणकामातून किंवा भिशीतून साठविलेले पैसे ती डब्यात ठेवते आणि स्वतःच्या मर्जीने खर्च करते. सगळा खर्च पतीच्या किंवा मुलाच्या फोनवरूनच होऊ लागला, तर तिला आपलाच पैसा खर्च करण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो. हा बदल आवाज न करता होतो, म्हणून त्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

ही काळजी केवळ आपल्या देशातील नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांनी २०१९ मध्ये व न्यूयॉर्कने २०२० मध्ये किरकोळ दुकानांनी रोख नाकारू नये असे कायदे केले. बँकेत खाते नसलेल्या गरिबांना दुकानाबाहेर ठेवले जाऊ नये, हे त्यामागील मुख्य कारण होते. कार्डाचा प्रसार फार मोठा असलेल्या नॉर्वेनेही २०२४ मध्ये रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क अधिक बळकट केला.

सूरह अबसाचा आरंभ आपल्याला माहीत आहे. कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू असताना अंध सहाबी ह. अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) आले आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, तेव्हा अल्लाहने स्वतः आयती अवतरित करून त्या दुर्बल जिज्ञासूची बाजू घेतली. दीनच्या प्रसाराचे काम चालू असतानाही दुर्बलाला मागे ठेवणे अल्लाहला रुचले नाही, तर आपल्या गल्ल्यावरची घाई त्याला कशी रुचेल?

दुकानदाराची बाजू आणि ग्राहकाचे कर्तव्य

न्याय दोन्ही बाजूंना द्यावा लागतो. दुकानदाराच्या अडचणी खोट्या नाहीत. बनावट नोटेचा तोटा त्यालाच सोसावा लागतो. रात्री रोकड घेऊन घरी जाण्यात धोका असतो. सुट्ट्या पैशांवरून रोज वाद होतात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजारच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याच्या दृष्टीने चलनातील सुमारे ८६ टक्के रोकड तेव्हा एकाएकी बाद झाली. तो अनुभव ज्याने गल्ल्यावर बसून घेतला, त्याला खात्यावरचा पैसा अधिक सुरक्षित वाटावा हे स्वाभाविक आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूपीआयने छोट्या विक्रेत्याची मोठी सोय केली, हेही मान्य केले पाहिजे.

म्हणून ग्राहकानेही जाणून-बुजून चाळीस रुपयांच्या खरेदीसाठी सकाळी सकाळी पाचशेची नोट पुढे करू नये. आपल्याजवळ आलेली बनावट नोट गर्दीत खपवू नये. ती आपल्याला कोणी दिली हे ठाऊक नसले तरी पुढे देणारे आपणच असतो. पैसे पाठविल्याचे खोटे चित्र दाखवून माल उचलणे ही सरळ चोरी आहे. तसेच दुकानदाराने सुट्ट्या पैशांऐवजी न विचारता गोळ्या-चॉकलेट हातावर ठेवणे हेही संमतीशिवाय केलेले विक्रीकर्मच आहे.

कार्ड आणि व्याज

आणखी एक मुद्दा विशेष सावधगिरीचा आहे. 'फक्त कार्ड' म्हणणाऱ्या ठिकाणी डेबिट कार्डाने स्वतःच्या खात्यातील पैसा दिला, तर अडचण नाही. क्रेडिट कार्डात मात्र मुदत चुकली की व्याज लागू होते आणि करारात ती अट आधीच मान्य केलेली असते. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००० च्या रियाध अधिवेशनात व्याजाची अट असलेले असे कार्ड नाजायज ठरविले; वेळेत फेडण्याचा इरादा असला तरी निर्णय तोच ठेवला. काही उलमांनी गरजेपोटी, वेळेत फेडण्याच्या कटाक्षाने सवलत दिली आहे. तरी सूरह अल्-बकराच्या २७९ व्या आयतीत व्याज न सोडणाऱ्यांना दिलेला इशारा लक्षात घेता, त्यापासून दूर राहण्यातच सुरक्षितता आहे. मुस्लिम व्यापाऱ्याने निदान एवढे तरी करावे की, आपल्या दुकानाच्या शर्तीमुळे एखादा बांधव व्याजी कराराकडे ढकलला जाणार नाही.

आपण काय करावे?

दुकान चालविणाऱ्या बंधूंनी खात्यावरचा मोबदला अवश्य घ्यावा, पण गल्ल्याचा एक कप्पा रोखीसाठी चालू ठेवावा. जीवनावश्यक वस्तूंच्या दुकानात तर तो बंद करूच नये. काही कारणाने शर्त ठेवावीच लागली, तर ती माल बांधण्यापूर्वी सांगावी. घरातील तरुणांनी आई-आजीला फोनवरचा व्यवहार धीराने शिकवावा, तिच्या नावाचे खाते तिच्या ताब्यात राहू द्यावे आणि तिची गुप्त संख्या तिलाच ठाऊक असू द्यावी. तिला डब्यातलीच नोट हवी असेल, तर त्याचाही मान राखावा. दुकानात कोणी वृद्ध अडलेला दिसला, तर त्याची रोख आपण घेऊन आपल्या फोनवरून पैसे भरावेत. २८२ व्या आयतीतील पालकाचे काम आपल्याकडून अशा लहानशा कृतीने घडते.

बुखारीतील हदीसमध्ये ह. जाबिर (रजि.) सांगतात की, विकताना, विकत घेताना आणि आपले येणे मागताना जो नरमाईने वागतो, त्याच्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या कृपेची दुआ केली आहे. ही दुआ चलनाच्या कोणत्याही प्रकाराशी बांधलेली नाही. दीनार देणाऱ्याशी असो, नोट देणाऱ्याशी असो वा फोन पुढे करणाऱ्याशी असो, नरमाई सारखीच.

आता पुन्हा त्या औषधाच्या दुकानाकडे जाऊ. दुकानदाराजवळ सुट्टे नाहीत, काकांजवळ स्मार्टफोन नाही आणि मदतीला तिसरा कोणी नाही, असे धरून चाला. तरीही २८३ व्या आयतीतले शेवटचे दार उघडे आहे. "काका, औषध घेऊन जा, काकूंना वेळेवर द्या. पैसे उद्या आणा," एवढे म्हणायला कोणतेही यंत्र लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काका सुट्टे पैसे मोजून आणून देतील, तेव्हा त्यांनी अमानत पूर्ण केलेली असेल आणि दुकानदाराच्या हिशेबात अशी एक नोंद झालेली असेल, जी कोणत्याही खात्यावर दिसत नाही.

अल्लाह आपल्या व्यवहारांत न्याय, आपल्या कमाईत बरकत आणि आपल्या अंतःकरणात दुर्बलांविषयी नरमाई देवो. आमीन.